जावा सोडून जीनोमिक्सकडे: सांगलीला परतू पाहणाऱ्या इंजिनिअरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. इंजिनिअरिंग सांगलीतच झालं, पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत तीन वर्षं जावा बॅकएंडचं काम केलं, आता घरच्यांसाठी सांगलीला परतायचंय आणि जीनोमिक्सच्या डेटासाठी सॉफ्टवेअर बनवण्याच्या कामात शिरायचंय. बायोलॉजी दहावीनंतर सुटली. तर आधी बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करावी का? सांगलीत बसून हे काम मिळतं का? आणि एआय हे काम खाऊन टाकणार नाही ना?

एम.एस्सी. लगेच नको. सांगलीत बसून काम होतं, पण पहिल्या दिवसापासून नाही. एआयचं पुढे बोलते. मी स्वतः कॉम्प्युटरवाली आहे. पंधराएक वर्षं याच कामात आहे, आधी पुण्यात आणि आता सांगलीच्या विश्रामबागेतून. त्यामुळे तुमच्यासारख्यांना सगळ्यात आधी जे कळायला हवं आणि जे कोणी सांगत नाही, तिथूनच सुरुवात करते.

लोकांना वाटतं इथे दिवसभर भारी अल्गोरिदम लिहायचे असतात. तसं नसतं. माणसाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे ३.१ अब्ज अक्षरांचा. अक्षरं चारच: ए, सी, जी, टी. डीएनए वाचणारं, म्हणजे सिक्वेन्सिंगचं, मशीन तो सलग वाचत नाही. इल्युमिना कंपनीची मशीन साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतात, त्यांना रीड म्हणायचं. वाचताना चुका होतात, म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाईल इतके तुकडे घेतात. गुणाकार करून बघा: ९३ अब्ज अक्षरं, म्हणजे एका माणसामागे ६२ कोटी रीड. शिवाय प्रत्येक अक्षराबरोबर मशीनला त्याची किती खात्री आहे तेही एका चिन्हात लिहिलेलं असतं. हे सगळं ज्या फाइलमध्ये येतं ती फास्टक्यू. ती उघडली की चार-चार ओळींचे संच दिसतात. पहिली ओळ नावाची, दुसरी अक्षरांची, तिसरीत अधिकचं चिन्ह, चौथी खात्रीची. चौथ्या ओळीत 'एफ' दिसला तर त्याचा आस्की आकडा ७०, त्यातून ३३ वजा केले की ३७, म्हणजे दहा हजारात दोनेक वेळा चूक. तिथेच हॅशचं चिन्ह दिसलं तर ३५ वजा ३३, राहिले २. ते अक्षर धरूच नका.

हे रीड एका आदर्श जीनोमवर, म्हणजे रेफरन्सवर, आपापल्या जागी बसवायचे. त्याची बॅम फाइल होते. मग ज्या जागी हा माणूस रेफरन्सपेक्षा वेगळा आहे त्या जागांची यादी काढायची, ती व्हीसीएफ. एका माणसात असे ४० ते ५० लाख फरक निघतात. या सगळ्या पायऱ्यांची टूल्स तयार आहेत, मोफत आहेत आणि चांगली आहेत. रीड बसवणारं बीडब्ल्यूए हे हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांनी २००९ मध्ये आणलं. त्याच्या पोटात बरोज-व्हीलर रूपांतर आहे, जे १९९४ मध्ये फाइल दाबून लहान करण्यासाठी मांडलं गेलं होतं. तुम्ही तिसऱ्या वर्षाला सफिक्स अ‍ॅरे आणि डायनॅमिक प्रोग्रामिंग घोकलं असेल ना, ते इथे खरोखर वापरात आहे. पण ते नव्याने लिहायला कोणी पगार देत नाही. पगार मिळतो तो ही टूल्स एकमेकांना जोडून, हजार सॅम्पलवर, कोणी रात्री जागं न राहता चालवण्यासाठी. आणि त्यातून आलेल्या उत्तरावर डॉक्टरनं किंवा संशोधकानं डोळे मिटून भरवसा ठेवावा, यासाठी.

खरी गोम इथेच आहे. तुमच्या सध्याच्या कामात काही चुकलं की सर्व्हरची ५०० एरर येते, फोन वाजतो, कोणीतरी ओरडतं. जीनोमिक्समध्ये प्रोग्राम सुखानं शेवटपर्यंत चालतो, फाइल तयार होते, आकडेही बरे दिसतात, आणि उत्तर चुकीचं असतं. इथला इंजिनिअर चांगला की साधारण, ते यावर ठरतं: न ओरडणारी चूक त्याला आधीच ओरडायला लावता येते का?

एकच उदाहरण सावकाश घेऊ. सिकल सेल. गडचिरोलीत, नंदुरबारकडे हा आजार किती आहे ते माहीत असेलच, आणि २०२३ पासून तो संपवण्याची केंद्राची मोहीमही चालू आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक एचबीबी, ते ११व्या गुणसूत्रावर आहे. त्यातलं एक अक्षर बदललं की हा दोष येतो. प्रश्न साधा आहे: हे अक्षर नेमकं कुठे आहे?

जीआरसीएच३८ या रेफरन्सवर ते ५२२७००२ या जागी आहे. त्याआधीच्या जीआरसीएच३७ वर तेच अक्षर ५२४८२३२ या जागी. आपल्याकडे एकत्रीकरणानंतर जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला, जमीन मात्र तीच राहिली, तसं समजा. जीआरसीएच३८ डिसेंबर २०१३ मध्ये आलं, पण कित्येक लॅब अजून ३७ वरच आहेत, कारण त्यांच्या जुन्या सगळ्या तपासण्या त्यावर झालेल्या. आता लॅबनं दिलेली यादी ३७ची आणि तुमची व्हीसीएफ ३८ची असेल तर काय होईल? तुमचा प्रोग्राम ५२४८२३२ ला जाऊन बघतो, तिथे त्याला काही सापडत नाही, आणि तो 'बदल नाही' असं छापतो. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही. सिकल सेलच्या रुग्णाला निरोगी ठरवून प्रोग्राम शून्य कोड देऊन बाहेर पडतो.

समजा रेफरन्स जुळला. तरी व्हीसीएफमध्ये मोजणी १ पासून सुरू होते आणि जागांची यादी ठेवणाऱ्या बेड नावाच्या फाइलमध्ये ० पासून. शिवाय बेडमध्ये शेवटचा आकडा धरायचा नसतो. त्यामुळे हीच एक जागा बेडमध्ये ५२२७००१ ते ५२२७००२ अशी लिहितात. दोन्ही फाइल वाचणारा कोड एका माणसानं घाईत लिहिला असेल तर एका घराची चूक ठरलेली. आणि एका घरानं चुकलेल्या यादीतही काही ना काही जुळतंच, म्हणून संशय येत नाही.

तेही जुळलं. आता अक्षर बघा. वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ए जाऊन टी आला. तुमच्या व्हीसीएफमध्ये दिसतं टी जाऊन ए. दोन्ही बरोबर. डीएनएचे दोन धागे असतात, रेफरन्स त्यातला एकच लिहून ठेवतो आणि एचबीबी हे जनुक दुसऱ्या धाग्यावर, उलट्या दिशेनं वाचायचं आहे. पुस्तक जनुकाच्या बाजूनं बोलतं, फाइल रेफरन्सच्या बाजूनं. यावर कडी म्हणजे जुन्या साहित्यात हा बदल प्रोटीनच्या सहाव्या जागी आहे आणि आजच्या नियमानुसार लिहिला तर सातव्या, कारण साखळीतलं पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, तेव्हा मोजत नसत आणि आता मोजतात.

आणि शेवटचा, मला सगळ्यात घातक वाटणारा प्रकार. व्हीसीएफमध्ये त्या जागेची ओळच नाही. म्हणजे या माणसात बदल नाही? की त्या जागेवर पुरेसे रीडच पडले नाहीत, त्यामुळे काही कळलं नाही? साध्या व्हीसीएफमध्ये दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं. 'नाही' आणि 'माहीत नाही' यातला फरक टिकवायचा तर जीव्हीसीएफ नावाची विस्तृत फाइल ठेवावी लागते किंवा प्रत्येक जागेची खोली, म्हणजे तिथे किती रीड आहेत, वेगळी तपासावी लागते. नवीन आलेल्या दहापैकी नऊजण ओळ नाही म्हणजे बदल नाही असंच धरतात. बॅकएंडच्या भाषेत सांगायचं तर नल आणि फॉल्स एकाच टोपलीत टाकणं. तुम्हाला हे वाचून अंगावर काटा आला असेल तर तुम्ही या कामाला लायक आहात.

एका अक्षरामागे एवढ्या फटी आहेत, आणि यातली एकही पकडायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती तुमच्याकडे असलेलीच शिस्त, फक्त ती इथे जास्त कडक करावी लागते.

ती कशी, ते सांगते. फाइल आत घेताना तिच्या डोक्यावरची माहिती वाचा, रेफरन्स कुठला, प्रत्येक गुणसूत्राची लांबी किती, ते दुसऱ्या फाइलशी ताडून बघा आणि जुळत नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. इशारा छापून पुढे जाऊ नका. इशारे कोणी वाचत नाही. एका फाइलमध्ये पहिल्या गुणसूत्राचं नाव 'सीएचआर१' आणि दुसरीत नुसतं '१' असणं ही रोजची गोष्ट आहे. दोन याद्यांत सामाईक काय ते काढलं की अशा वेळी रिकामी फाइल मिळते, आणि रिकाम्या फाइलवर पुढची पायरी आनंदानं चालते. म्हणून रिकामं उत्तर आलं की ती चूकच धरा. ज्याला खरोखर रिकामं चालणार आहे तो तसं लिहून सांगेल.

उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल कायम पाइपलाइनमधून, म्हणजे जोडलेल्या टूल्सच्या साखळीतून, फिरवत राहा. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचा 'जीनोम इन अ बॉटल' प्रकल्प अशी सॅम्पल आणि त्यांची तपासून पक्की केलेली उत्तरं सगळ्यांसाठी खुली ठेवतो. कोडमध्ये काहीही बदललं, अगदी लायब्ररीची आवृत्ती जरी, की ते सॅम्पल चालवायचं आणि किती फरक सुटले, किती खोटे निघाले ते मोजायचं. तुमच्याकडे रिग्रेशन टेस्ट म्हणतात तेच हे, फक्त एक टेस्ट चालायला काही तास लागतात.

उत्तर दर वेळी तेच येतं का, हेही बघा. बीडब्ल्यूए-मेम रीड गठ्ठ्यानं उचलतो आणि गठ्ठा केवढा ते थ्रेडच्या संख्येवर ठरतं. त्यामुळे ८ थ्रेडवर आणि १६ थ्रेडवर काही रीड वेगळ्या जागी बसू शकतात. गठ्ठ्याचा आकार कायम करणारा पर्याय त्यात आहे, पण तो आपणहून द्यावा लागतो. एखाद्या लॅबला 'गेल्या महिन्यात हा फरक दिसत होता, आता का नाही?' याचं उत्तर देण्याची वेळ आली की असल्या बारीकसारीक गोष्टींचं मोल कळतं. म्हणून टूलची आवृत्ती, रेफरन्सचा चेकसम, दिलेले सगळे पर्याय हे उत्तराच्या फाइलबरोबरच साठवा. कंटेनर वापरा. पायऱ्या ओळीनं चालवणाऱ्या नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक यातलं एक नीट शिका. दोन्ही थोडं थोडं येण्यापेक्षा एक पक्कं येणं बरं.

एक्सेलचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशी नावं असलेल्या जनुकांच्या एक्सेलनं तारखा करून टाकल्या, आणि २०१६ मधल्या एका पाहणीत दिसलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असला घोळ होता. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. लोक हसतात, पण मला यात एकच दिसतं: तुमच्या सुंदर पाइपलाइनचं उत्तर शेवटी कोणीतरी एक्सेलमध्ये उघडणार आहे. तेव्हा ती फाइल एक्सेलमध्ये उघडून बघणं हाही टेस्टिंगचाच भाग.

आता बायोलॉजी. ती लागते, पण पुस्तकातून सलग वाचून येत नाही. मशीनपाशी काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून येते. उदाहरण देते. इल्युमिनाच्या नव्या मशीनमध्ये चार अक्षरांसाठी दोनच रंग वापरतात, आणि जी या अक्षराला रंगच नसतो. अंधार म्हणजे जी. मग डीएनएचा तुकडा १५० अक्षरांपेक्षा बराच लहान निघाला तर पुढे वाचायला काही उरत नाही, मशीनला अंधार दिसतो, आणि ते ठणकावून सांगतं: जी जी जी जी. तेही चांगल्या खात्रीच्या आकड्यासह. हे ज्याला माहीत नाही तो रीडच्या शेपटाला आलेल्या जीच्या माळेत काहीतरी जैविक अर्थ शोधत बसतो. लॅबमधली ताई तुम्हाला हे दोन मिनिटांत सांगेल, पण तुम्ही विचारायला हवं. महिन्यातून एखादा दिवस लॅबमध्ये उभं राहायची सोय असलेली पहिली नोकरी बघा म्हणते ते याचसाठी, आणि म्हणूनच सुरुवातीला सांगलीत नको. पहिली दोन-तीन वर्षं पुणे, हैदराबाद, बंगळुरू, जिथे सिक्वेन्सिंग होतं तिथे काढा. मग परत या. घरची अडचण असेल तर पुणे सोयीचं, शनिवारी येता येतं.

सांगलीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जरा लांबवते, कारण यावर फार कोणी काम करत नाही. बहुतेक टूल्स माणसासाठी बनली आणि माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. त्यामुळे 'प्रती किती' या पर्यायाचं न सांगता धरलेलं उत्तर २ असतं. आता आपली हळद बघा. हळदीत तीन प्रती असतात, एकूण ६३ गुणसूत्रं. म्हणूनच ती बियाण्यावर न जाता बेण्यावर लावतात. माणसात एखादा फरक एका प्रतीवर असेल तर निम्म्या रीडमध्ये दिसतो. हळदीत तो तिसऱ्या हिश्शात दिसेल किंवा दोन तृतीयांशात, आणि या दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. दोन प्रती धरून चालणारं टूल दोन्हींना 'एक प्रत बदललेली' म्हणून मोकळं होतं. कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, शेतकरी सेलम आणि राजापुरीचा फरक नुसत्या गड्ड्यावरून सांगतो, पण आपण पर्याय न तपासता चालवलेलं टूल तो फरक पुसून टाकेल, आणि पुसला हे सांगणारही नाही.

उसाची तऱ्हा त्याहून अवघड. आपल्या शेतातला ८६०३२ काय किंवा दुसरा कुठला संकरित ऊस काय, शंभराच्या वर गुणसूत्रं, एकाच जनुकाच्या दहा-बारा प्रती, त्याही दोन वेगळ्या प्रजातींतून आलेल्या. आर५७० या उसाचा सविस्तर जीनोम २०२४ मध्ये आला. माणसाचा मसुदा २०००चा, द्राक्षाचा जीनोम २००७चा, आणि उसाला एवढा वेळ लागला, यावरूनच काय ते समजा. द्राक्षात अडचण उलटी आहे. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जाती थॉमसन या जातीमधूनच निवडलेल्या, कलमानं वाढवलेल्या. त्यांच्यातला खरा फरक इतका थोडा असतो की टूलनं दाखवलेल्या फरकांत बहुतांश मशीनच्याच चुका निघतात. तासगावच्या बागाईतदारानं 'रोपवाटिकेनं दिलेलं कलम खरंच माणिक चमन आहे का?' असं विचारलं, तर वरवर सोप्या वाटणाऱ्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायला फार सफाईदार फिल्टर लागतात. तुम्हाला स्वतःचं काही करायची हौस असेल तर माणसाच्या जीनोमची गर्दी सोडा आणि पिकांकडे बघा. पैसा कमी आहे. प्रश्न मात्र मोकळे पडलेत, आणि माल दारात आहे.

माणसाच्या डेटाबद्दल दोन गोष्टी आपल्या देशापुरत्या. पहिली अशी की एखादा फरक आजाराचा आहे की निरुपद्रवी, हे ठरवताना तो लोकांत किती जणांत सापडतो ते बघतात. ही मोजणी झालेले जुने संच बहुतांश परदेशी. '१००० जीनोम' प्रकल्पाच्या २५०४ लोकांत दक्षिण आशियाई ४८९, आणि त्यातही गुजराती आहेत ते ह्यूस्टनमधले, तेलुगू आहेत ते ब्रिटनमधले. मराठी असा गटच नाही. मग आपल्याकडे सर्रास असलेला फरक दुर्मीळ ठरतो आणि दुर्मीळ म्हणून संशयित. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरं गळण्याचा फरक भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. इतर बहुतेक भागांत तो जवळजवळ सापडत नाही. आता जीनोम इंडिया प्रकल्पाचा सुमारे १०,००० भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून खुला झालाय, रीतसर अर्ज करून मिळतो. हे आकडे जुन्या पाइपलाइनमध्ये नीट बसवण्याचंच काम पुढची कित्येक वर्षं पुरेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. आईच्या रक्तातून गर्भाची गुणसूत्रं तपासणारी चाचणी आता सगळीकडे होते. २१, १८, १३ या गुणसूत्रांचे रीड प्रमाणाबाहेर आहेत का ते बघतात. परदेशात बनलेलं टूल त्याच दमात मुलगा की मुलगी तेही छापतं. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानं गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे. महाराष्ट्रानं तर त्याआधी १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, आणि तरी २००१च्या जनगणनेत लहान मुलींच्या प्रमाणात सांगली-कोल्हापूर राज्यात तळाला होते. तर इंजिनिअरचं काम काय? रिपोर्टमधली एक ओळ काढली की झालं, असं वाटतं. पण प्रत्येक गुणसूत्रावर किती रीड पडले याचा जो गुणवत्ता आलेख आपोआप निघतो, त्यात वाय गुणसूत्राचा खांब उभा असतो. मधल्या टेबलात तो आकडा असतो. डीबगसाठी ठेवलेल्या लॉगमध्ये असतो. वाय काढूनच टाकावं तर गर्भाच्या डीएनएचं प्रमाण काढायच्या काही पद्धती त्याच्यावरच चालतात. म्हणजे आकडा आत वापरायचा, पण कोणाच्याही डोळ्याला पडू द्यायचा नाही, अगदी लॅबमधल्या ओळखीच्या माणसाच्याही. अशी बंदिस्ती करणं हे शुद्ध सॉफ्टवेअरचं काम आहे, आणि त्यात तुमची बॅकएंडची तीन वर्षं कोणाही बायोलॉजीवाल्यापेक्षा उपयोगाची.

एआय. गुगलचं फरक शोधणारं डीपव्हेरिएंट २०१८ पासून चर्चेत आहे, रीडचं चित्र करून त्यावर न्यूरल नेटवर्क चालवतं, आणि ते चांगलं आहे. मी वापरते. कोड लिहून देणारी मॉडेलही वापरते. ती फास्टक्यू वाचणारी स्क्रिप्ट झटक्यात लिहितात आणि बेडमध्ये एका घराची चूकही तितक्याच आत्मविश्वासानं करतात. वर एवढं सगळं सांगितलं त्यावरून कुठलं काम जाईल आणि कुठलं राहील ते तुम्हीच ताडा.

नोकरी आणि पैसा. तीन तऱ्हेची ठिकाणं आहेत. जनुकीय चाचण्या करणाऱ्या खासगी कंपन्या, जिथे काम नियमित आणि तारखांना बांधलेलं. सरकारी संस्था, म्हणजे पुण्यात सी-डॅक, एनसीसीएस, आयसर वगैरे, जिथे प्रोजेक्ट असोसिएटसारख्या पदावर घेतात. शिकायला मिळतं भरपूर, पण नेमणूक प्रकल्पापुरती. अनुदान संपलं की पुढचं बघायचं. आणि परदेशी कंपन्यांची इथली ऑफिसं, पैसा बरा, पण लॅब दिसत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला आत्ताच्या पगारापेक्षा कमी मिळेल याची तयारी ठेवा. चार-पाच वर्षांनी बरोबरी होते. बँकेच्या किंवा शॉपिंगच्या अ‍ॅपवाल्यांची बरोबरी होत नाही, ती अपेक्षाच नको.

मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही विचारा: तुमच्याकडे कोड कोण तपासतं? मी एका ठिकाणी काम केलं तिथे शोधनिबंध छापून आला की टूल वाऱ्यावर सोडायचे. लिहिणारा विद्यार्थी परदेशी जायचा, आणि पुढचे लोक त्याच्या नावाच्या फोल्डरमधून फाइली उचलत राहायचे. अशा जागी शिकण्यासारखं थोडं आणि निस्तरण्यासारखं फार. पण कोणी एक वरिष्ठ संशोधक इंजिनिअरला सहलेखक मानतो अशी जागा मिळाली तर पगाराकडे थोडं दुर्लक्ष करा.

सांगलीतून काम करण्यात तांत्रिक अडचण कमी आहे. एका माणसाचा ६० जीबी डेटा घरच्या १०० एमबीपीएस लाइनवर दीड तासात उतरेल, शंभर जणांचा उतरवायला पाच-सहा दिवस. पण तो उतरवायचाच नसतो. रुग्णाचा डेटा लॅपटॉपवर येऊच नये, कोड डेटाकडे पाठवायचा. काम सर्व्हरवर चालतं, इथली लाइट गेली तरी थांबत नाही, आणि थांबलंच तर नेक्स्टफ्लो झालेल्या पायऱ्या सोडून पुढून सुरू करतं. २०२१च्या पुरात गावभागातल्या ओळखीच्यांची सोय बघताना माझं कामाकडे लक्ष नव्हतं, पण पाइपलाइन चालू होती. अडचण वेगळीच येते: आजूबाजूला या विषयावर बोलायला कोणी नसतं. मिरजेत हॉस्पिटलं इतकी आहेत, तिथल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांशी ओळख वाढवा. त्यांचे प्रश्न तुम्हाला कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाहीत.

आता नोकरी न सोडता पुढचे तीन-चार महिने काय करायचं ते. 'जीनोम इन अ बॉटल'मधलं पहिलं सॅम्पल, एचजी००१, घ्या, पण सगळं नको. फक्त २०वं गुणसूत्र, सुमारे साडेसहा कोटी अक्षरं, साध्या लॅपटॉपला पेलतं. रीड बसवा, फरक काढा, दिलेल्या उत्तराशी ताडा. हे आठवडाभरात होईल, कारण टूल्स तयार आहेत. मग खरं काम सुरू करा. मुद्दाम रेफरन्स चुकीचा द्या. गुणसूत्राचं नाव बदला. बेडमधले आकडे एकानं सरकवा. काही भागातले निम्मे रीड उडवा. प्रत्येक वेळी तुमची पाइपलाइन थांबते का ते बघा, आणि जिथे थांबत नाही तिथे तिला थांबवणारी तपासणी लिहा. चुकलेल्या जागा रीड दाखवणाऱ्या आयजीव्ही या प्रोग्राममध्ये उघडून डोळ्यांनी बघा, प्रत्येक जागी रीड कसे रचलेत ते. कोड खुला ठेवा आणि कुठली चूक मुद्दाम घातली, ती कशी पकडली, हे त्यासोबत साध्या भाषेत लिहा. मी माणसं निवडते तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी हे वाचते. एम.एस्सी.चा विचार यानंतर करा. तेव्हाही वाटलं की बायोलॉजीच खरी ओढते आहे, तर जरूर करा, पुणे विद्यापीठात हा विषय जुना आहे. नुसती नोकरी मिळावी म्हणून मात्र दोन वर्षं घालवू नका.